आधी भिंतीला इचारा

विश्रामबागेतल्या आमच्या इमारतीत बारा घरं. त्यातल्या निम्म्याहून अधिक घरांतले पडदे, फळ्या, आरसे आणि देव्हारे आप्पांनी लावलेत असं मी सांगते, तेव्हा आप्पांना पाहिलेली माणसं हसतात. कारण मी त्यांना ओळखायला लागले तेव्हापासून त्यांचा उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला असायचा. त्या हातानं त्यांना साधा चमचाही उचलता येत नव्हता. मी आल्यापासून आमच्या इमारतीत त्यांनी स्वतः एकही भोक पाडलं नाही. तरीही मी म्हणते ते खरं आहे.

आप्पा फौजेत होते. गाड्या दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये एकवीस वर्षं काढून हवालदार म्हणून निवृत्त झाले. गाव साताऱ्याकडच्या औंधजवळचं. मुलीच्या शिक्षणासाठी सांगलीत आले, मुलगी लग्न होऊन गेली, आणि आप्पा व सुमनकाकू तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहिले. हौसेनं त्यांनी एक बॅटरीवर चालणारं ड्रिल मशीन आणलं होतं. "पाच-सा म्हैनं वापारलं आन हात गेला," असं ते सांगायचे. एसटी चुकली हे सांगावं, इतक्या साध्या आवाजात. अर्धांगवायूचा झटका. पाय परत आला, बोलणं परत आलं, हात आला नाही.

मी तिसऱ्या मजल्यावर राहायला आले तेव्हा माझे मिस्टर नोकरीसाठी साताऱ्याला होते, शनिवारी यायचे. इथल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत मी काम करते. पडद्याचे दांडे लावायला येणारा माणूस "आज येतो" म्हणून चार दिवस आला नव्हता आणि मी खिडकीला चादर चिमटे लावून अडकवली होती. पाचव्या दिवशी मी खाली फाटकाशी उभी राहून त्याला फोन लावत होते, तेव्हा गॅलरीतल्या खुर्चीतून आवाज आला.

"बाई, त्यो न्हाई यायचा."

"कोण?"

"ज्येची तुमी वाट बघताय त्यो. मशीन माझ्याकडं हाय. हात तुमचा लागंल."

मला हसू आलं. "मी? अहो, मी लायब्ररीत काम करते."

"मंग ब्येस हाय की. सूचना वाचायची सवय असंल."

त्या संध्याकाळी सुमनकाकूंनी टीपॉयवर वर्तमानपत्र पसरून ड्रिलची पेटी आणून ठेवली. मी उत्साहानं मशीन उचललं आणि बटणावर बोट ठेवलं. आप्पांनी डावा हात वर केला. "खाली ठिवा. बॅटरी काढा पैली."

मग त्यांनी मला एकेक करून सगळं सांगितलं. पुढचं टोक, म्हणजे बिट, बदलायचं असेल तेव्हा बॅटरी काढलेली हवी. बटणाच्या वरची खिट्टी एकीकडे ढकलली की मशीन सुलटं फिरतं, दुसरीकडे ढकलली की उलटं, आणि मधोमध ठेवली की बटण दाबलंच जात नाही. बॅटरी काढल्यावर खिट्टी मध्ये कशाला, असं मी विचारलं.

"दाराला दोन कड्या कशाला असत्यात?" ते म्हणाले.

बिट चकमध्ये, म्हणजे मशीनच्या तोंडाशी असलेल्या पकडीत, सरळ बसवायचं, तिच्या तिन्ही दाढांच्या बरोबर मधे. हातानं घट्ट आवळायचं आणि ओढून बघायचं. मग बॅटरी, 'टक' असा आवाज येईपर्यंत. मग जमिनीकडे तोंड करून एकदा नुसतं फिरवायचं. टोक थरथरत गोल फिरलं तर ते वाकडं बसलंय. माझं तीनदा वाकडं बसलं. तिन्ही वेळा बॅटरी काढण्यापासून पुन्हा सुरुवात. "तुमी घाईच्या न्हाई वाटलं हुतं," आप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी अगदी तयारीनं गेले. हातमोजेसुद्धा नेले होते. आप्पांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ओढणी काढून ठेवायला लावली, केसांचा अंबाडा बांधायला लावला, बांगड्या उतरवायला लावल्या. "चष्मा हाय की माझा," म्हटलं तर म्हणाले, "त्यो वाचायचा. बाजूनं उगडा हाय. अगं, त्यो बाजूनं बंद असलेला चष्मा आण." हातमोजे मात्र त्यांनी माझ्या हातातून काढून घेतले आणि स्वतःच्या मांडीखाली दाबून ठेवले. कारण सांगितलं नाही.

दोन दिवस मी नुसत्या आंब्याच्या फळीला भोकं पाडली. फळी शिकंज्यानं टेबलाला घट्ट धरलेली. हातात किंवा मांडीवर धरायची नाही. स्क्रू पिळायचे तर पुढच्या कड्यावरचा लहान आकडा, म्हणजे स्क्रू बसला की मशीन आपोआप 'कर्रर्र' करून थांबतं. हातोडीचं चिन्ह फक्त भिंतीसाठी. भिंत मात्र तिसऱ्या दिवशी मिळाली, तीही लगेच नाही.

"आधी भिंतीला इचारा," आप्पा म्हणाले. त्या दिवशी ते जिन्याचा कठडा डाव्या हातानं धरून तीन मजले चढून आले होते. मधे कुणी हात दिला तर घेतला नाही.

"काय विचारू?"

"बोर्ड कुटं हाय? त्येच्या सरळ वर आन सरळ खाली वायर असती, तितं न्हाई मारायचं. नळ कुटं हाय? त्येच्या रेषेत न्हाई. मंग बोटांनी वाजवा. पोकळ का भरीव ते ऐका."

"आणि भिंत सांगते?"

"इचारणाऱ्याला सांगती."

मी वाजवलं, मोजलं, पेन्सिलीनं खूण केली, खिळ्यानं खूण थोडी खोल केली. बिटाला जेवढं आत जायचं तिथं कागदी चिकटपट्टी गुंडाळली. पाय रोवून, दोन्ही हातांनी मशीन धरून बटण हळू दाबलं. विटेचा लाल भुगा पायावर पडायला लागला तसा मला चेव आला आणि मी अंगातला सगळा जोर लावला.

"ढकलू नका! म्हस न्हाई ती!" आप्पा ओरडले. "तिला तिचं काम करू द्या. तुमी निस्तं सरळ धरा."

दांडा लागला. मी पाच पावलं मागे जाऊन बघितलं आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. आप्पा एक डोळा मिटून बघत राहिले.

"डावीकडं दोन सूत, पाव इंच खाली हाय."

"चालेल ना, आप्पा?"

"चालंल की. पर पडदा वढताना रोज तुमालाच दिसंल."

मी दांडा काढून पुन्हा लावला. तेव्हापासून मी त्यांना आप्पा म्हणू लागले ते कायमचं.

माझ्यामागून पहिल्या मजल्यावरच्या शिरगावे वहिनी शिकल्या. त्या मशीनला आधी हळदकुंकू लावायला निघाल्या होत्या, आप्पा म्हणाले, "लावा, पर बॅटरी काढून." मग आणखी चार-पाच जणी आल्या. पुरुषांनीही मशीन मागितलं, पण ते शिकायला बसायचे नाहीत. "मला येतंय ओ, द्या नुसतं," म्हणायचे. त्यांना आप्पा मशीन देत नसत. सरळ नाही म्हणत नसत, "बॅटरी चार्ज न्हाई," म्हणत. हे सगळ्यांना कळायला सहा महिने लागले.

त्यांच्याकडे एक वही होती. डाव्या हातानं लिहायला ते झटक्यानंतर शिकले होते. अक्षर मोठं आणि तिरकं. त्या वहीत आमच्या बाराही घरांच्या भिंतींची चित्रं होती. कुठल्या भिंतीत वायर कुठून जाते, कुठल्या न्हाणीघरात पाइप कसा वळतो, कुठं आधीच्या कुणी भोक पाडून लांबी भरून बुजवलंय. आम्ही काही लावून आलो की मशीन परत देताना ते विचारून घ्यायचे आणि रेघ काढायचे. आमच्या वॉचमननं एकदा ती वही चाळली आणि घाबरून मला सांगितलं, "म्हाताऱ्याकडं सगळ्यांच्या घराचा नकाशा हाय वो."

बॅटरी चार्जिंगला लावणं, दिवा हिरवा झाला की काढणं, उन्हात राहू न देणं, हे काम सुमनकाकूंचं. पण मशीनला हात लावायचा नाही. इमारतीतल्या बायकांना शिकवणारा हा माणूस स्वतःच्या बायकोला ते हातात धरू देत नसे.

"तिचं ध्यान कुकराकडं असतंय," ते म्हणायचे.

"साऱ्या कॉलनीला शिकवलं. मी तेवढी ढ," काकू आतून म्हणायच्या. आवाजात राग नसायचा, पण गंमतही नसायची. आप्पा तेवढ्यापुरते बहिरे व्हायचे. मला ते खटकायचं. एकदा मी बोलूनही दाखवलं, तर त्यांनी विषय बदलला.

माझ्या हाताला सवय झाली तसा माझा आगाऊपणा वाढला. एका मैत्रिणीकडे गेले होते, तिला ओट्यावर झारे-पळ्या टांगायची पट्टी लावायची होती. माझ्या पिशवीत मशीन होतंच. "हे काय, पाच मिनिटांचं काम," म्हणत मी नळाच्या बरोबर वर, दिसायला छान दिसेल अशा जागी बिट टेकवलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. भिंतीतून पाण्याची चिळकांडी उडाली ती थेट समोरच्या फ्रिजपर्यंत. टाकीचा वाल शोधेपर्यंत त्यांचं स्वयंपाकघर, मी आणि डाळीचे दोन डबे चिंब झालो.

मी तशीच ओल्या कपड्यांनी आप्पांपुढे जाऊन उभी राहिले. मला वाटलं, आता मशीन कायमचं बंद. त्यांनी फक्त विचारलं, "नळाच्या वर मारलं?"

"हो."

"मशीन भिजलं?"

"थोडं. बॅटरी लगेच काढली."

मग म्हणाले, "चूक माजी हाय. तुमाला हात शिकवला, भ्या घालायचं ऱ्हायलं. बसा."

काकू भाजी आणायला गेल्या होत्या. आप्पांनी दाराकडे बघून घेतलं आणि मग सांगायला सुरुवात केली. बर्फाच्या मुलखातलं वर्कशॉप. नलवडे नावाचा त्यांच्याच वयाचा, खानापूरकडचा माणूस. दोघांच्या खाटा शेजारीशेजारी. नलवडेचा गळा फार गोड. सांजच्याला तो भजन म्हणायचा तेव्हा पंजाबी, मद्रासी सगळे येऊन बसायचे. त्या थंडीत काकूंनी गावाकडून दोन मफलर विणून पाठवले. एक आप्पांनी ठेवला, एक नलवडेला दिला.

"मशीनवर मफलर घालायचा न्हाई, हातमोजं घालायचं न्हाई, ह्यो कायदा. फिरत्या मशीनला कापड गावलं की ते माणसाला वढून घेतंय, सोडत न्हाई. त्या दिवशी त्यो मफलर गळ्यात ठिवूनच उभ्या ड्रिलवर ग्येला. मी बघितलं. म्या म्हनलं, असू दे, थंडी लय हाय, एकच तर भोक हाय."

त्यांनी उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर नीट ठेवला.

"मीच धावून बटण बंद केलं. जगला त्यो. पर आवाज ग्येला त्येचा. नंतर बोलायचा ते तोंडाला कान लावून ऐकाय लागायचं. घरी जाईस्तवर एकदा बी मला तू का न्हाई सांगितलंस आसं म्हनला न्हाई. म्हनला आसता तर बरं झालं आसतं."

आप्पा म्हणाले, "मफलर तिनं इणलेला व्हता. तिला ह्ये म्हाईत न्हाई. गाडीखाली आला आसं सांगितलंय मी. तुमी बी सांगू नगासा."

काकूंना मशीनला हात का लावू देत नाहीत, हे मी त्यानंतर पुन्हा कधी विचारलं नाही.

मग कृष्णेचं पाणी आलं त्या पावसाळ्यात. विश्रामबागेचा आमचा भाग उंचावर, आम्ही कोरडे राहिलो. पण नदीकाठच्या गल्ल्यांत घरांच्या खिडक्यांपर्यंत पाणी चढलं. ते उतरलं तेव्हा मागे गुडघाभर चिखल उरला. वीज नव्हती. लोक चिखल उपसत होते, भांडी धूत होते, आणि जवळपास कुठल्याच घराचं दार लागत नव्हतं. बिजागऱ्या निखळलेल्या, कड्या गंजून तुटलेल्या, कोयंडे उपटलेले.

आप्पांनी मला आणि शिरगावे वहिनींना खाली बोलावलं. "तितं वायरवालं मशीन चालणार न्हाई, लाईटच न्हाई. आपलं चालंल. दोन बॅटऱ्या हायत. एक तिकडं, एक हितं चार्जिंगला. काकू बघंल."

फुगलेल्या दारांना रंधा मारायला सुतार लागतो, ते आमचं काम नव्हतं. आमचं काम कड्या-कोयंड्यांचं. आप्पा रिक्षानं यायचे, गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची धुऊन द्यायचं, आणि तिथून ते आवाज द्यायचे. चार दिवस आम्ही हे केलं. पहिल्या दिवशी लोक दोन बायकांच्या हातातलं मशीन बघून संशयानं बघायचे. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गल्लीतून बोलावणी यायला लागली.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही हौसाक्का नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी गेलो. त्या एकट्या राहत. "दार लागंना म्हणून जीव थाऱ्यावर न्हाई बघ पोरी," म्हणाल्या. दाराची चौकट खालून कुजली होती, कोयंडा भिंतीतच बसवावा लागणार होता. मी खूण केली, गुडघा टेकून बसले, बिट टेकवलं.

"मेन बंद हाय?" बाहेर दाराशी आणून ठेवलेल्या खुर्चीतून आप्पांचा आवाज.

मला वैताग आला. पलीकडे अजून पाच घरं थांबली होती. "आप्पा, सहा दिवस अख्ख्या गल्लीत लाईट नाही!"

"मी लाईटचं न्हाई इचारलं. मेन बंद हाय का, ते इचारलं. आन बोर्ड कुटं हाय?"

बोर्ड माझ्या खुणेच्या बरोबर वर होता. चिखलाचा थर बसल्यामुळे तो भिंतीसारखाच दिसत होता. मी तो पाहिलाच नव्हता.

"एक वीत उजवीकडं सरका. आन मेन पाडल्याबिगर बटन दाबायचं न्हाई."

शिरगावे वहिनींनी रबरी चपला घालून कोरड्या काठीनं बोळातल्या मेनचा खटका खाली पाडला. मी मुकाट्यानं नवी खूण केली आणि ड्रिल सुरू केलं. बिट बोटभर आत गेलं असेल नसेल, तोच शेजारच्या घरातला पंखा घरघरायला लागला आणि अख्ख्या गल्लीत एकच ओरडा झाला, "आली! आली! लाईट आली!" पोरं चिखलात नाचायला लागली. कुणाचा तरी टीव्ही मोठ्यानं सुरू झाला. हौसाक्कांचं घर तेवढं अंधारात.

मी मशीन खाली ठेवलं आणि बाहेर आप्पांकडे बघितलं. त्यांचाही चेहरा उतरला होता. पण ते एवढंच म्हणाले, "भोक पुरं करा. त्या म्हातारीचं दार लागू द्या."

दोन दिवसांनी वायरमननं तिथला बोर्ड उघडला तेव्हा मी मुद्दाम बघायला गेले. माझ्या पहिल्या खुणेच्या मागून, दोन बोटांवर, वायरची नळी खाली गेली होती.

इतका सावध माणूस, पण स्वतःच्या बाबतीत हट्टी. त्यांच्या न्हाणीघरात धरायला एक दांडा लावून घ्या, असं काकू, मी, डॉक्टर, मुलगी सगळे सांगत होतो. दांडा आणूनही ठेवला होता, कपाटामागे कागदात गुंडाळलेला. "लावू की सवडीनं," म्हणत ते टाळत. इमारतीतल्या दोन म्हाताऱ्यांच्या घरी त्यांनी माझ्याकडून तसे दांडे लावून घेतले, त्या म्हाताऱ्यांना "पडल्यावर कळंल व्हय?" म्हणून दटावलंही. स्वतःचा विषय काढला की त्यांना फौजेतली गोष्ट आठवायची.

मग एका सकाळी ते पडले. हाड मोडलं नाही, पण कपाळाला टाके पडले आणि अर्धा तास ते ओल्या फरशीवर पडून होते, कारण आतून कडी होती आणि उठता येत नव्हतं. शेवटी ते सरकत सरकत दारापर्यंत आले आणि त्यांनीच कडी काढली. काकू तेवढा वेळ दाराबाहेर बसून त्यांच्याशी बोलत होत्या.

दोन दिवसांनी काकूंनी मला हाक मारली. "या जरा. काय चुकलं तर सांगाय."

मी गेले तेव्हा आप्पा न्हाणीघराच्या दारासमोर खुर्चीत होते, कपाळाला पट्टी. काकूंनी ड्रिल हातात घेतलं होतं. आप्पा म्हणाले, "बाई, तुमी लावा. हिला जमायचं न्हाई."

"तुमी आता गप बसायचं," काकू म्हणाल्या. तेवढंच.

पुढचं मी नुसतं बघत राहिले. काकूंनी बॅटरी काढली. खिट्टी मध्ये केली. भिंतीवरच्या फरशीसाठीचं वेगळं बिट निवडलं, आवळलं, ओढून बघितलं, बॅटरी घातली, जमिनीकडे धरून फिरवून बघितलं. फरशीवर चिकटपट्टीची फुली मारली, बिट घसरू नये म्हणून. आप्पांच्या वहीतलं त्या भिंतीचं पान उघडून नळाची रेघ पाहिली. हातोडीचं चिन्ह बंद असल्याची खात्री केली, कारण फरशी पार होईपर्यंत ठोका द्यायचा नसतो. स्वयंपाकघराच्या दाराआड उभं राहून काकू दोन वर्षं आमची प्रत्येक शिकवणी ऐकत होत्या, हे माझ्या लक्षात आलं.

मग त्यांनी पदर कमरेला घट्ट खोचला, बांगड्या काढून खिडकीत ठेवल्या, मंगळसूत्र पोलक्याच्या आत सारलं. आप्पांकडे वळल्या आणि मान वर करून म्हणाल्या, "गळ्यात लोंबतं काय न्हाई. बघून घ्या."

आप्पा त्यांच्याकडे बघतच राहिले.

"नलवडे भावजींची बायको म्हसवडच्या जत्रंत भेटली हुती मला," काकू म्हणाल्या. "लय वर्सं झाली. तिनंच सांगितलं. तुमच्यावर तिचा राग न्हाई, माझ्यावर बी न्हाई. तुमाला वाईट वाटंल म्हणून मी बोलले न्हाई. आता बाजूला व्हा, भुगा उडंल."

मी भिंतीकडे बघायला लागले. आप्पांनी डाव्या हाताचा तळवा डोळ्यांवर धरला होता. काकूंनी संथपणे, एकदाही न ढकलता, चार भोकं पाडली. स्क्रू घट्ट धरणाऱ्या प्लास्टिकच्या गिट्ट्या भोकांत बसवल्या, स्क्रू पिळले. दांडा लागल्यावर त्यांनी आप्पांना उठवलं आणि म्हणाल्या, "वढा. सगळं वजन टाका."

आप्पांनी डाव्या हातानं दांडा धरला आणि अंग झोकून दिलं. दांडा हलला नाही. त्यांनी पुन्हा एकदा झोकून दिलं. मग म्हणाले, "सुमन, एक सूतसुदिक खाली न्हाई."

"मला म्हाईत हाय," काकू म्हणाल्या आणि केरसुणी आणायला गेल्या.

त्यानंतर इमारतीत कुणालाही मशीन हवं असलं की आप्पा म्हणायचे, "काकूला इचारा."

पुढच्या वर्षी त्यांना आणखी एक झटका आला. काकूंनी गावी परत जायचं ठरवलं. तिकडे दीर-जाऊ होते, उठायला-बसायला माणूस होतं. मशीन गावी गेलं. वही शिरगावे वहिनींकडे राहिली.

मी साताऱ्याला मिस्टरांकडे गेले होते, तेव्हा एका दुपारी औंधला यमाईचं दर्शन करून त्यांच्या गावी गेले. थंडी होती. अंगणात उन्हात खाट टाकलेली, तिच्यावर आप्पा, अंगावर घोंगडी. खूप वाळले होते. आत काकू दिराच्या धान्याच्या कोठीला नवीन बिजागऱ्या लावत होत्या. ड्रिलचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. मला बघून त्या दारात आल्या आणि हातानंच विचारलं, उठवू का?

मी मान हलवून नको म्हटलं. खाटेशेजारच्या दगडावर बसले. आप्पा आमच्या इमारतीत असताना चौथ्या मजल्यावर कुणी ड्रिल लावलं तरी जागे व्हायचे आणि छताकडे बघून "लय ढकलतोय," असं पुटपुटायचे. ते आठवून मी वाट बघत राहिले.

काकू आत गेल्या. जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. बिट बदलत असाव्यात. मग आवाज पुन्हा सुरू झाला, या वेळी लाकडात, जाड आणि सलग. खाटेपासून चार हातांवर. आप्पांनी कूस बदलली, घोंगडी डाव्या हातानं खांद्यावर ओढली, आणि झोपले.

माझी एसटी साडेचारची होती. मी निघाले तेव्हाही ते झोपलेलेच होते. चैत्रात ते गेल्याचं काकूंनी फोन करून कळवलं.